दुखते ते सांगता यावे म्हणून

किशोरवयीन मुलामुलींच्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्याविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पालकांची आणि मुलांची पत्रे मुद्दाम वेगवेगळी केलेली नाहीत. मुलांना दिलेली उत्तरे पालकांनी वाचावीत आणि पालकांच्या मनात कोणती भीती असते ते मुलांनाही दिसावे, असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या 14 वर्षांच्या मुलाला एका रात्री दुखू लागले, तेव्हा त्याने आईला ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगितले. आम्ही अपचन समजून घरगुती उपाय केले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला चालवेना, तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन खरे काय ते सांगितले. शस्त्रक्रियेत त्याचे एक वृषण काढावे लागले. रात्रीच आणले असते तर ते बहुधा वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले. त्याने आम्हाला वेळेवर का सांगितले नसेल? आणि त्याच्या पुढच्या आयुष्यावर याचा परिणाम होईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते दिलासा देणारे आहे. उरलेले वृषण निरोगी असेल, तर पुरुषी संप्रेरक तयार करण्यासाठी आणि पुढे अपत्यप्राप्तीसाठी एक वृषण सहसा पुरेसे असते. त्याची दाढी-मिशी, आवाज, शरीराची बांधणी हे सारे इतर मुलांप्रमाणेच होईल. शस्त्रक्रियेच्या वेळी दुसऱ्या बाजूचे वृषण टाके घालून जागच्या जागी पक्के केले आहे का, हे मात्र शल्यविशारदांना आवर्जून विचारा. ज्या रचनेमुळे एका बाजूला पीळ पडतो, ती पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते, म्हणून दुसरी बाजूही सुरक्षित करण्याची पद्धत आहे.

इतर वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगते. वृषण ज्या दोरीसारख्या भागाला लटकलेले असते, त्यातूनच त्याला रक्तपुरवठा होतो. काही मुलांमध्ये वृषण भोवतीच्या आवरणाला नीट धरलेले नसते. घंटेतल्या लोलकासारखे ते मोकळे असते आणि कधी तरी स्वतःभोवती फिरते. दोरीला पीळ पडतो आणि रक्त अडते. हे बहुतांशी 12 ते 18 या वयात घडते, खेळताना घडते तसे गाढ झोपेतही घडते, आणि त्यात मुलाची कोणतीही चूक नसते. पहिल्या 6 तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता फार मोठी असते. 12 तासांनंतर ती झपाट्याने घटते आणि 24 तासांनंतर क्वचितच उरते. एका बाजूला अचानक उठलेली तीव्र कळ, सूज, मळमळ किंवा उलटी, एक वृषण नेहमीपेक्षा वर ओढल्यासारखे दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. कळ आपोआप थांबली तरीही दाखवावे, कारण पीळ सुटून पुन्हा पडू शकतो. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने रुग्णालयात जाईपर्यंत मुलाला काही खायला-प्यायला देऊ नये.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमचा मुलगा खोटे बोलला असे समजू नका. या दुखण्याची कळ अनेकदा ओटीपोटात किंवा जांघेतच जाणवते. कित्येक मुलांना सुरुवातीला पोटच दुखते आहे असे वाटते. पण कळ कोठून येते हे लक्षात आल्यानंतरही तो गप्प राहिला असेल, तर त्याचे कारण मला माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे दिसत आले आहे. त्या अवयवासाठी मुलाजवळ दोनच प्रकारचे शब्द असतात : लहानपणी लाडाने शिकवलेले बोबडे आणि मैदानावर ऐकलेले शिव्यांतले. चौदाव्या वर्षी पहिला उच्चारायची लाज वाटते आणि दुसरा आईवडिलांसमोर उच्चारण्याची सोय नसते. मग तो ‘पोट’ म्हणतो. ‘वृषण’ हा साधा, सभ्य, तिसरा शब्द त्याला कोणी दिलेलाच नसतो. ‘का सांगितले नाहीस’ हा प्रश्न त्याला पुन्हा विचारू नका. शेवटी त्याने धीर करून तुम्हालाच सांगितले, आणि ते चांगले केले, एवढे त्याला स्पष्ट शब्दांत ऐकवा.

प्रश्न : माझी मुलगी 10 वर्षांची आहे. तिच्याशी पाळीबद्दल बोलावे असे मला वाटते, पण सासूबाई म्हणतात, ‘आम्हाला कोणी सांगितलं होतं? वेळ आली की कळतं.’ लवकर सांगितल्याने नको ती उत्सुकता जागी होईल, अशी भीती मलाही वाटते. शाळेच्या एका पत्रकात ‘लैंगिक आरोग्य साक्षरता’ असा शब्द वाचला. म्हणजे नेमके काय शिकवतात?

उत्तर : सासूबाईंना एकदा प्रेमाने विचारा, की त्यांना जेव्हा ‘कळले’ तेव्हा नेमके काय वाटले होते. त्या पिढीतल्या अनेक स्त्रियांनी मला सांगितले आहे, की पहिल्या पाळीचे रक्त पाहून आपल्याला काही तरी भयंकर आजार झाला, असे त्यांना वाटले होते.

दहावे वर्ष मुळीच लवकर नाही. मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा 8 ते 13 या वयात केव्हाही दिसू लागतात. आधी स्तनांच्या जागी लहानशी दुखरी गाठ जाणवते आणि त्यानंतर साधारण दोन ते तीन वर्षांनी पहिली पाळी येते. मुलांमध्ये ही सुरुवात 9 ते 14 या वयात होते. म्हणजे तुमच्या मुलीच्या वर्गातील काही मुलींमध्ये बदल सुरू झालेले असणार. तुम्ही न बोलल्याने तिचे कुतूहल थांबणार नाही, ते फक्त दुसरीकडे वळेल.

तुमच्या भीतीचा अभ्यास झालेला आहे. युनेस्कोने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह लैंगिकता शिक्षणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये प्रथम काढली आणि 2018 मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध केली, त्यांत अनेक देशांतील कार्यक्रमांच्या अभ्यासांचा आढावा आहे. असे शिक्षण मिळालेली मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात, असे त्यात दिसलेले नाही. उलट काही कार्यक्रमांमुळे ती सुरुवात पुढे गेली आणि पुढे गर्भनिरोधकांचा वापर वाढला, असे आढळले.

साक्षरता म्हटले की आपल्याला अक्षरओळख आठवते आणि ती तुलना येथेही उपयोगी पडते. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी 2000 साली आरोग्य साक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या. माहिती वाचून समजणे ही पहिली. ती दुसऱ्याशी बोलून, प्रश्न विचारून स्वतःच्या बाबतीत वापरता येणे ही दुसरी. आणि सांगणारा कोण आहे, तो हे का सांगतो आहे, यावर विश्वास ठेवावा का, हे पारखता येणे ही तिसरी. पुस्तकातील प्रजनन संस्थेची आकृती पाठ करून मुले पहिल्या पायरीपर्यंत पोहोचतात. आधीच्या पत्रातल्या वृषणाच्या उदाहरणात मुलगा दुसऱ्या पायरीवर अडला होता, आणि मोबाइलच्या पडद्यावरून मिळणाऱ्या माहितीने आज बहुतेक मुले तिसऱ्या पायरीवर अडतात.

सुरुवात नावांपासून करा. आपल्या भाषेत या विषयाचे अर्धे शब्द झाकण्यासाठीच तयार झालेले आहेत. अवयव ‘गुप्त’, आजार ‘गुप्त’, पाळी म्हणजे ‘अडचण’. हात, कान, गुडघा यांच्याइतक्याच सहज सुरात योनी, योनिमार्ग, गर्भाशय, स्तन हे शब्द मुलीला ऐकू द्या. एका बैठकीत सगळे सांगण्याचा आटापिटा करू नका. कपड्यांच्या घड्या घालताना पाच मिनिटे, पुन्हा कधी तरी चार वाक्ये, असे ते हळूहळू झिरपू द्या. पॅड कसे लावतात हे पाळी येण्याआधीच दाखवून ठेवा आणि दप्तरात एक ठेवून द्या. याचा आणखी एक उपयोग आहे, जो पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्या मुलीला किंवा मुलाला आपल्या अवयवांची नावे निःसंकोच घेता येतात, त्यांना कोणी नको तिथे हात लावला तर तेही सांगता येते, आणि ऐकणाऱ्याला ते नेमके समजते.

प्रश्न : मी 14 वर्षांची आहे. पाळी सुरू होऊन दीड वर्ष झाले, पण ती कधी 25 दिवसांनी येते तर कधी 42. पहिले दोन दिवस इतके दुखते की शाळा बुडते. आई म्हणते सगळ्यांनाच दुखते. मधल्या दिवसांत पांढरे पाणी जाते, त्याने अशक्तपणा येतो का?

उत्तर : तुझे पत्र फार स्पष्ट आहे. दिवसांचे आकडे लिहून ठेवतेस हे उत्तम, ते चालू ठेव.

पहिल्या दोन-तीन वर्षांत एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत 21 ते 45 दिवसांचे अंतर स्वाभाविक मानतात. मेंदू, बीजकोश आणि गर्भाशय यांच्यातील संप्रेरकांची ये-जा अजून ताळ्यावर येत असते आणि दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतेच असे नाही. तुझे 25 आणि 42 हे दोन्ही आकडे यात बसतात. अंतर 90 दिवसांपेक्षा जास्त झाले, किंवा सुरुवातीला नियमित असलेली पाळी एकाएकी विस्कळीत झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नसेल, तर तीही दाखवण्याची गोष्ट आहे.

दुखण्याबद्दल आईचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सुटतात, त्यांच्यामुळे गर्भाशय आवळले जाते आणि कळा येतात, त्यामुळे थोडेफार दुखणे पुष्कळ मुलींना होते. पण शाळा बुडावी इतके दुखणे हे सोसण्याचे दुखणे नाही. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके या रसायनांची निर्मितीच कमी करतात, म्हणून ती कळ असह्य होण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच घेतली तर अधिक उपयोगी पडतात. तुझ्या वजनाला किती मात्रा योग्य आणि दमा किंवा पोटाचा काही त्रास असल्यास कोणते औषध टाळायचे, हे डॉक्टरांना विचारून घे. ओटीपोट शेकल्यानेही आराम पडतो. एवढे करूनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखा आजार नाही ना, हे तपासायला हवे. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात आणि तो तुझ्या वयातही होऊ शकतो.

पांढऱ्या किंवा पारदर्शक स्रावाने अशक्तपणा येत नाही. योनिमार्ग त्यातून स्वतःला स्वच्छ ठेवतो. खाज, आग, नेहमीपेक्षा वेगळा वास, हिरवट-पिवळा रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील, तर ते संसर्गाचे लक्षण असते आणि त्यावर साधे उपचार आहेत. आतून साबण लावून धुण्याची मात्र मुळीच गरज नाही. त्याने बिघाडच होतो.

तुझ्या आईसाठी दोन ओळी. ‘सगळ्यांनाच होते’ या वाक्यामागे कधी कधी गंभीर गोष्ट लपून राहते. पाळी 7 दिवसांहून अधिक चालणे, दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणे, सोबत नाकातून किंवा हिरड्यांतून सहज रक्त येणे, यामागे रक्त गोठण्याचा दोष असू शकतो. एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडमधील डॉक्टरांनी 1926 साली ज्या रक्तविकाराचे वर्णन केले, त्याची त्यांनी तपासलेली पहिली रुग्ण ऑलंड बेटांवरची एक लहान मुलगी होती. वयाच्या 13व्या वर्षी, चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात ती दगावली. आज त्या विकाराचे निदान रक्ततपासणीने होते आणि त्यावर उपचार आहेत. अट एकच, की किती रक्त जाते हे मुलीने कोणाला तरी सांगितले पाहिजे आणि ऐकणाऱ्याने ते मनावर घेतले पाहिजे.

प्रश्न : मी 16 वर्षांचा आहे. मला महिन्यातून दोन-तीनदा स्वप्नदोष होतो. हस्तमैथुनाचीही सवय आहे. यामुळे शक्ती जाते, स्मरणशक्ती कमी होते, पुढे मूल होत नाही असे इंटरनेटवर वाचले. एका जाहिरातीत औषध दाखवले आहे, ते घेऊ का?

उत्तर : औषध घेऊ नकोस. तुला कोणताही आजार नाही.

‘स्वप्नदोष’ या शब्दातच निम्मी भीती भरलेली आहे. झोपेत वीर्य बाहेर पडणे यात दोष काहीच नाही. वयात आलेल्या मुलाच्या वृषणांत शुक्रजंतू अखंड तयार होत असतात. एक शुक्रजंतू पूर्ण घडायला साधारण अडीच महिने लागतात आणि रोज कोट्यवधी नवे तयार होतात. वीर्याचा बहुतेक भाग हा वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येणारा द्रव असतो, शुक्रजंतूंचा वाटा त्यात अगदी थोडा. तो साठवून शक्ती वाढत नाही आणि बाहेर गेल्याने घटत नाही. हस्तमैथुनाने स्मरणशक्ती, उंची, दृष्टी किंवा पुढची अपत्यप्राप्ती यांवर परिणाम होत नाही.

मग इतके लोक हे का मानतात? सॅम्युएल तिसो या स्वित्झर्लंडमधील प्रख्यात डॉक्टरांनी 1760 साली वीर्य गेल्याने अंधत्वापासून वेडापर्यंत काहीही होते, असे ठासून लिहिले आणि युरोपातल्या अनेक पिढ्यांनी ते खरे मानले. पुढे वैद्यकाने ते मत सोडून दिले, पण औषध विकणाऱ्यांनी ती भीती सोडली नाही, कारण त्यांचा व्यवसाय तिच्यावरच चालतो. तू वाचलेला मजकूर आणि तू पाहिलेली जाहिरात एकाच पानावर होती का, हे एकदा आठवून पाहा.

थकवा खरोखर जाणवत असेल, तर झोप किती होते, जेवण वेळेवर होते का, मन उदास असते का, याकडे बघ. या सवयीमुळे अभ्यास, झोप किंवा मित्रांची संगत सुटते आहे असे वाटत असेल, तर समुपदेशकाशी बोल. तो प्रश्न वेळेचा आणि मनाचा आहे, तुझ्या शरीराला इजा झालेली नाही.

प्रश्न : मी 13 वर्षांचा मुलगा आहे. माझ्या छातीवर एका बाजूला गाठ आली आहे आणि दुखते. मी मुलगी होत चाललो आहे का?

उत्तर : नाही. वयात येताना साधारण निम्म्या मुलांना अशी गाठ येते. संप्रेरकांचे प्रमाण बदलत असताना असे घडते आणि बहुतेकांची गाठ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते. ती दाबून बघत राहू नकोस. खूप मोठी झाली, कडक लागली किंवा तिच्यातून स्राव आला तर दाखव.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गात एक पेटी ठेवून मुलांना निनावी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. तीन चिठ्ठ्यांची उत्तरे कशी द्यावीत हे मला समजले नाही. ‘पहिल्याच वेळी दिवस राहू शकतात का, आणि सुरक्षित दिवस कोणते?’ ‘खेळताना पडदा फाटला तर नवऱ्याला कळते का?’ ‘मोबाइलवर जे व्हिडिओ दिसतात ते खरे असते का?’

उत्तर : पेटीची कल्पना फार चांगली आहे. मुलांनी तुमच्यावर ठेवलेला विश्वास तिन्ही चिठ्ठ्यांत दिसतो, तेव्हा उत्तरे गोलमोल नकोत.

पहिल्या चिठ्ठीचे उत्तर ‘होय’ असे आहे. पहिल्या संबंधातही गर्भ राहू शकतो, आणि पाळी अजून अनियमित असली तरीही राहू शकतो. ‘सुरक्षित दिवस’ ही कल्पना कोठून आली ते सांगितले तर मुलांना तिची मर्यादा कळेल. जपानी डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी 1924 साली दाखवले, की बीज पुढच्या पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी बाहेर पडते. यातला ‘पुढच्या’ हा शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. ज्या मुलीची पाळी कधी 25 तर कधी 42 दिवसांनी येते, तिला पुढची पाळी कधी येणार हेच आधी ठाऊक नसते, मग मागे मोजायचे कोठून? शिवाय शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून किशोरवयात दिवस मोजण्यावर भरवसा ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. याच तासाला हेही सांगा, की निरोध हे एकच साधन गर्भधारणा आणि लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग या दोन्हींपासून संरक्षण देते. संबंधानंतर घेण्याची तातडीची गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी परिणामकारक असते, राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि संसर्गापासून वाचवत नाही.

हे सांगताना कोवळ्या वयातील गर्भधारणेचे धोकेही सांगितले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 10 ते 19 या वयोगटातील मातांना 20 ते 24 वयाच्या मातांपेक्षा प्रसूतीच्या वेळचे झटके, गर्भाशयाचा संसर्ग आणि अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग यांचा धोका अधिक असतो. हे धाक दाखवण्याच्या सुरात सांगू नका. घाबरलेली मुलगी अडचणीत आली, तर सर्वांत आधी ज्यांनी घाबरवले त्यांच्यापासूनच ती गोष्ट लपवते.

दुसरी चिठ्ठी वाचून मला वाईट वाटले. योनिमुखाशी असलेली ती पातळ, लवचिक घडी जन्मतःच प्रत्येक मुलीत वेगळ्या आकाराची असते. काहींमध्ये ती जवळजवळ नसतेच, काहींमध्ये ती संबंधांनंतरही तशीच दिसते. तिच्याकडे पाहून कोणालाही काही कळत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही. जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि यूएन विमेन यांनी 2018 साली एकत्र निवेदन काढून तथाकथित कौमार्यचाचणी बंद करण्याचे आवाहन केले, कारण तिला वैद्यकीय आधार नाही आणि ती मुलींना इजा करते. मुलींना मनसोक्त धावू द्या, सायकल चालवू द्या. आणि हे उत्तर मुलांनाही त्याच वर्गात ऐकवा, कारण उद्याचे नवरे तेथेच बसलेले आहेत.

तिसऱ्या चिठ्ठीसाठी मुलांशी थोडे थांबून बोलावे लागेल. असे व्हिडिओ विकण्यासाठी तयार केलेले असतात. त्यांतली माणसे पैसे घेऊन अभिनय करतात, दृश्ये कापून जोडलेली असतात, आणि कित्येकदा तर कोणाची तरी संमती नसतानाच चित्रण झालेले असते. समोरच्याला हवे आहे की नको, हे विचारण्याचा प्रसंग त्यांत सहसा येत नाही. तेच पाहून शिकलेल्या मुलाला वाटते की विचारायचे नसतेच. ‘हो’ हे दडपण नसताना, शुद्धीत आणि समजून दिलेले असावे लागते, ते केव्हाही मागे घेता येते आणि गप्प राहणे म्हणजे ‘हो’ नसते, हे मुलामुलींना एकत्र बसवून सांगा.

प्रश्न : एचपीव्हीची लस फक्त मुलींसाठी असते का? मुलगी 11 वर्षांची आहे, इतक्या लवकर कशाला?

उत्तर : एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू. गर्भाशयमुखाचे जवळजवळ सर्व कर्करोग या विषाणूमुळे होतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 साली नोबेल पुरस्कार मिळाला. लस 2006 पासून उपलब्ध आहे. विषाणूशी कधीही संपर्क येण्याआधी ती घेतली तर सर्वाधिक उपयोग होतो, म्हणून 9 ते 14 हे वय निवडले आहे. मुलीच्या वागण्याबद्दल त्यात कोणताही संशय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून 9 ते 20 वयोगटासाठी एका मात्रेचे वेळापत्रकही मान्य केले आहे. हाच विषाणू पुरुषांमध्ये घसा, गुदद्वार आणि शिश्न यांचे कर्करोग घडवू शकतो, त्यामुळे ऑस्ट्रेलियाने 2007 मध्ये मुलींपासून कार्यक्रम सुरू केल्यावर 2013 मध्ये मुलांनाही त्यात घेतले. लस घेतली तरी मोठेपणी गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करावीच लागते.

प्रश्न : माझी 15 वर्षांची भाची रडत माझ्याकडे आली. ओळख वाढवून एकाने तिच्याकडून एक खासगी फोटो मिळवला आणि आता तो पसरवण्याची धमकी देऊन आणखी फोटो मागतो आहे. ‘मावशी, आईला सांगू नकोस’ असे तिने मला बजावले आहे. मी काय करू?

उत्तर : ती तुमच्याकडे आली, ही या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. तिला आधी सांगा, की गुन्हा धमकी देणाऱ्याने केला आहे, तिने नाही. त्याला आणखी फोटो किंवा पैसे देऊ नयेत. मागणी पुरी केली की ती थांबत नाही, वाढते. संभाषण पुसून टाकू नका. धमकीचे मेसेज, खात्याचे नाव, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट ठेवा, मग त्याला ब्लॉक करा आणि त्या ॲपकडे व पोलिसांकडे तक्रार करा. तो खासगी फोटो मात्र पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका किंवा कोणाला पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्याकडे फोटो पाठवावा लागत नाही, फोटोचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ताडून फोटो काढून टाकू शकतात.

आईला न सांगण्याचे वचन देऊ नका. ‘मी तुझ्यासोबत बसते, सुरुवात मी करते’ असे म्हणा आणि आईशी आधी एकट्याने बोलून घ्या, म्हणजे तिचा पहिला धक्का मुलीवर निघणार नाही. पुढचे काही दिवस मुलीला एकटे सोडू नका. अशा धमक्यांनी मुले जिवाचे बरेवाईट करून घेतात, म्हणून तिला तसे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत.

प्रश्न : मी 17 वर्षांची आहे. लघवीच्या जागी आग होते आणि खाज येते. डॉक्टरांकडे जायचे आहे, पण तिथे गेल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही अशी भीती वाटते. काय बोलायचे असते?

उत्तर : बोलणे जमणार नाही असे वाटत असेल, तर कागदावर लिहून ने आणि तो डॉक्टरांच्या हातात दे. अनेक रुग्ण असे करतात आणि आम्हाला ते सोयीचे असते. किती दिवसांपासून त्रास आहे, आग लघवी करताना होते की एरवीही, स्राव येतो का आणि त्याचा रंग कसा, ताप किंवा कमरेत दुखणे आहे का, शेवटची पाळी कधी आली, कोणते औषध आधी घेतले, एवढे त्यात असावे. तपासण्याआधी काय करणार ते समजावून सांगायला तू डॉक्टरांना म्हणू शकतेस, सोबत एखादी स्त्री असावी असेही म्हणू शकतेस, आणि मध्येच थांबायलाही सांगू शकतेस. आईला काही वेळ बाहेर बसायला सांगून बोलायचे असेल, तर तेही माग. ‘हे कोणाला सांगाल का?’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचार म्हणजे कोणती गोष्ट त्यांच्यापाशी राहील आणि कोणती घरी सांगणे त्यांना भाग आहे, ते तुला आधीच कळेल.

आणि पहिले वाक्य हवे असेल तर हे घे : ‘डॉक्टर, मला योनीजवळ आग होते आणि खाज येते, आणि मला हे सांगायला अवघड वाटतंय.’ घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघ. त्यापुढचे प्रश्न विचारणे हे डॉक्टरांचे काम आहे.